कागदी खांब आणि खरी तलवार

नीरा नरसिंहपूरला नीरा आणि भीमा एकमेकींना मिळतात. काठावर लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ आहे.  वैशाखात नृसिंहजयंती आली की मला लहानपणी पाहिलेलं सोंग आठवतं. गॅसबत्तीच्या उजेडात कागदाचा खांब उभा असायचा. टर्रकन कागद फाटायचा, मुखवटा बाहेर यायचा आणि आम्ही पोरं आईच्या पदरात शिरायचो. खांब कागदाचा, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. हिरण्यकशिपू मात्र खराच मरायचा.

१० जानेवारी २०२५ला सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आला, तेव्हा हाच खांब डोळ्यांपुढे होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १९११ सालचं. धैर्यधर शूर सेनापती, पण गरीब. म्हणून श्रीमंताघरची भामिनी त्याला झिडकारते आणि पुढे वनमाला होऊन त्याला जवळून ओळखते. नाटकात त्याचा पराक्रम पोचतो तो गोविंदराव टेंब्यांच्या चालींतून. दीनानाथ मंगेशकरांचा धैर्यधर गाजला तो तलवारीमुळे नव्हे, तानेमुळे. ८ जुलै १९२१ला टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेव्हा बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर उभे राहिले. लोक लोटले ते या दोन गळ्यांसाठी.

कॅमेऱ्याला कागदी खांब चालत नाही. त्याला घोडे हवेत, महाल हवेत. धैर्यधराची तलवार खरोखर चालू लागली की गाण्यानं कुठे उभं राहायचं, हा पेच पडतो. भाव्यांच्याच ‘कट्यार काळजात घुसली’त, २०१५ साली, तो पडला नव्हता. तिथे राजगायकपदासाठीची लढाई गाण्यातच लढली जाते. मानापमानात लढाई एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत दोन्ही सांधू बघतं, पण मला शिवण दिसत राहिली. ‘घाशीराम कोतवाल’वर १९७६ साली सिनेमा झाला, त्यालाही हाच प्रश्न होता. रंगमंचावरची माणसांची भिंत हा त्या नाटकाचा प्राण. खरे वाडे हाताशी आल्यावर तिचं काय करायचं?

लॉरेन्स ऑलिव्हिएनं १९४४च्या ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये मोठी सुंदर वाट काढली. घोडे मनानेच पाहा, अशी विनवणी शेक्सपियरचा निवेदक प्रेक्षकांना करतो. ऑलिव्हिए ती विनवणी गाळत नाही. त्याचा सिनेमा जुन्या नाटकगृहातच सुरू होतो आणि हळूहळू उघड्या रणांगणावर जातो. प्रेक्षक आधी कागदी खांबावर विश्वास ठेवतो, मग त्याला खरे घोडे दिसतात.

मानापमान पुन्हा कुणी करील तेव्हा सैन्य थोडं कमी करावं. वनमाला झालेली भामिनी धैर्यधराचं गाणं ऐकते, तेव्हा कॅमेऱ्यानं तिच्या चेहऱ्यावरून हलू नये. लढाई तिच्या डोळ्यांत दिसेल.