मनीच्या पोटातला दोरा

मैत्रिणींनो, शिवणयंत्र आणि मांजर ज्या घरात एकत्र नांदतात, त्या घरातल्या बायकांसाठी आजचा विषय. रीळ घरंगळलं की मांजर त्याच्यामागे धावतं, आपणही कौतुकानं बघत बसतो. पण हाच दोरा त्याच्या जिवावर बेततो.

आमच्या गल्लीतल्या काकू ब्लाउज शिवून घर चालवतात. मागच्या पावसाळ्यात त्यांची मनी दोन दिवस काही खाईना. पाणी प्यायली की ओकायची, शी बंद. कुणी म्हणालं एरंडेल पाजा, कुणी म्हणालं तूप चाटवा. तिसऱ्या दिवशी शेपटीखाली दोऱ्याचं टोक दिसलं. काकूंची सून ते ओढायला गेली, तसा मी तिचा हात धरला. आमच्या महिला मंडळात जनावरांच्या डॉक्टरांचं भाषण झालं होतं, तेव्हा ऐकलेलं नेमकं आठवलं.

का ओढायचा नाही? परकराचा नाडा ओढला की नेफ्याच्या चुण्या पडतात ना, तसंच आतड्याचं होतं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात पुढे सरकतो. आतडं गोळा होतं आणि ताणलेला दोरा त्याला करवतीसारखा कापतो. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकताही येत नाही. अशा वेळी एरंडेलानं वाट मोकळी होत नाही, उलट आतडं फाटायची भीती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी मनीची जीभ उचलून पाहिली, तर खाली दोऱ्याचा वेढा! एक्स-रे आणि ऑपरेशनसाठी जिल्ह्याला जावं लागलं. "मांजरापायी एवढा खर्च?" असं म्हणणारे घरातच होते. काकूंनी भिशीचे पैसे काढले. म्हणाल्या, "रात्री मशीनवर बसते तेव्हा सोबतीला हीच असते. हिला अशी मरू देऊ?" नशिबानं आतडं फाटलं नव्हतं. मनी वाचली.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. वारंवार उलट्या, खाणं बंद, शी नाही, पोटाला हात लावू न देणं, अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोऱ्याचं टोक तोंडात दिसो वा मागे, ओढू नका. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नका, मांजराला ती विषच. सोय जवळ नसेल तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आपल्या डॉक्टरांना विचारून तिकडे नेता येतं.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे काम संपलं की ओवलेली सुई, रीळ, दोऱ्याचे तुकडे झाकणाच्या डब्यात टाका. राखीचा गोंडा, गजऱ्याचा दोरा, पतंगाचा मांजा, लोकरीचा गुंडाही तसाच उचलून ठेवा. बिस्किटांचा रिकामा डबा त्याला पुरतो.