पस्तीस की पन्नास? केडगावात ठरवा!

रेंजफाइंडर कॅमेरा घेतला की पहिली डोकेदुखी लेन्सची. इथे झूमचे लाड नाहीत. एकच लेन्स लावायची आणि दिवसभर भटकायचं. मग २८, ३५, ५० की ९०? दुकानाच्या काउंटरवर हे कळत नाही. त्यापेक्षा रविवारी सकाळी पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर पकडा आणि यवत, खुटबाव मागे टाकून केडगावला उतरा.

फंडा सोपा आहे. फ्रेम आडवी धरली तर ३५ एमएमची लेन्स तुम्ही जितके लांब उभे, साधारण तितकीच रुंदी पकडते. दहा फुटांवरून दहा फूट. तिथूनच ५० सात फूट घेते, २८ जवळजवळ तेरा आणि ९० जेमतेम चार.

आता परवानगी घेऊन एखाद्या गुऱ्हाळात शिरा. आठ फुटी काहिलीत रस उकळतोय, खाली चुलवणात चिपाडं ढकलली जातायत. ५० लावून अख्खी काहिल घ्यायची तर अकरा-बारा फूट मागे सरकायला हवं, आणि मागे असतो चिपाडांचा ढीग! ३५ला आठ-नऊ फूट पुरतात. गुळव्याशी गप्पा मारत मारत क्लिक करता येतं, चोरून नाही. मला तर हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. (वाफेने काच धुरकटते, रुमाल जवळ ठेवा.)

प्लॅटफॉर्मवर पासवाल्यांची गर्दी टिपतानाही ३५च सोयीची. एफ ८वर फोकस तीन मीटरला लावून ठेवा, साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. ५०ला हीच पट्टी सव्वादोन ते चार मीटर एवढीच उरते. २८चा मोह होईल, पण चष्मेवाल्यांनो, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या खिडकीत त्या फ्रेमच्या कडा धड दिसतच नाहीत.

मग ५० बाद? छे! १९५४च्या लायका एम ३च्या खिडकीत ५०, ९० आणि १३५च्या चौकटी होत्या, ३५ची नव्हतीच. कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक काम ५०वरच केलं. समोरचा माणूस निवांत बसलाय, फोटोला हो म्हणालाय, तर चेहऱ्यासाठी ५०च सही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशनही केडगावातच आहे. पण ते बायका-मुलांचं घर आहे. लेन्स कुठलीही असो, तिथे न विचारता कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

लायकाची किंमत ऐकून घाम फुटला असेल तर जुन्या बाजारात याशिका इलेक्ट्रो ३५ शोधा. तिची ४५ एमएमची लेन्स निघतच नाही, म्हणजे वादच मिटला. फक्त तिची मूळ मर्क्युरी बॅटरी आता बनत नाही. घासाघीस करायच्या आधी, सोबत ॲडाप्टर देताय का, तेवढं विचारून घ्या.