धुराचा हिशेब फाटकाबाहेरचा

मिरजेहून पुण्याला निघालेली गाडी किर्लोस्करवाडीवरून जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसवलेल्या या गावात पंप तयार होतात. कारखान्यात जळणाऱ्या इंधनाचा धूर कारखान्याच्या नावावर लिहिला जातो. पण पंप पुढे वर्षानुवर्षे कोळशाच्या विजेवर पाणी उपसतो. तो कार्बन कोणाच्या खात्यावर? खरे तर मोठा वाटा तिथलाच!

सेबीने 2023 मध्ये आघाडीच्या 250 नोंदणीकृत कंपन्यांकडून पुरवठादार-ग्राहकांच्या साखळीचीही पर्यावरणविषयक माहिती मागायचे ठरवले. 2025 मध्ये मात्र ती ऐच्छिक केली. ऐच्छिक हिशेब किती नेमाने लिहिला जातो, हे घर चालवणाऱ्यांना सांगायला नको. शेतीचे वीजबिल माफ झाले, तरी कोळसा जळायचा राहत नाही. हिशेब मांडला, तरच कमी विजेत तेवढेच पाणी उपसणाऱ्या पंपाचे मोल कळेल.