आधी बैठक, मग बाराखडी

पटावर नाव चढले की मूल शाळेत आले, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. सेरेब्रल पाल्सीने जखडलेल्या मुलाच्या बाबतीत ती किती फसवी आहे, हे वर्गाच्या दारातून क्षणभर आत डोकावले तरी कळते. मूल बाकावर बसवलेले असते. पण पाय अधांतरी लोंबतात, अंग पुढे घसरते, मान खांद्यावर कलते. सारी शक्ती देह सावरण्यातच खर्ची पडल्यावर त्याने फळ्याकडे पाहावे कसे आणि लिहावे कोणत्या हाताने? ‘याला गती नाही’ हा शेरा मारणे सोपे. त्याला नीट बसता येते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाला सुचतो.

मुदतपूर्व किंवा अवघड प्रसूती आणि ही विकलता यांचा संबंध इंग्रज शल्यवैद्य विल्यम लिटल यांनी १८६१ सालीच दाखवून दिला होता. मेंदूला झालेली मूळ इजा पुढे वाढत नाही. वाढतात ते तिचे परिणाम. हाडे वाढतात, पण ताठरलेले स्नायू त्यांच्या बरोबरीने लांबत नाहीत. मग सांधे आखडतात, कणा वाकतो आणि मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीतून हळूहळू सरकू लागते. हे सरकणे आरंभी दुखत नाही, म्हणून ते ध्यानातही येत नाही. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांची नियमित तपासणी, क्ष-किरण चित्रे आणि वेळीच उपचार यांची शिस्त लावण्यात आली, तेव्हा खुबा निखळण्याचे प्रकार तेथे जवळजवळ नाहीसे झाले. बैठक हे या व्याधीचे औषध नव्हे. परंतु उपचारांच्या जोडीला दिवसभर मिळणारा योग्य आधार टाळणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

या आधाराचे शास्त्र दुर्बोध नाही. प्रथम कंबर स्थिर व सरळ. मग तळवे जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले. गुडघे व खुबे साधारण काटकोनात. कोपर टेकतील एवढ्या उंचीचे मेज. घास भरवताना मान मागे टाकू नये, कारण अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. उत्तम बैठकसुद्धा तासन्‌तास एकच राहिली तर जाचते. म्हणून बसणे, पहुडणे, आधाराने उभे राहणे असा पालट हवा. पाय कात्रीसारखे जुळणाऱ्या लहानग्याला, पाय दोहों बाजूंस फाकवून कडेवर घेण्याची आपल्या आयाबायांची रीत तर फारच उपकारक आहे. प्रत्येक मुलाची गरज निराळी असल्यामुळे मापे मात्र भौतिकोपचारतज्ज्ञानेच ठरवावीत. ती हाती आली, की साधा सुतारही खुर्ची घडवू शकतो. जाड पुठ्ठ्याचे थर चिकटवून केलेल्या आसनांनीही हे काम भागते.

मग अडते कोठे? मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी १९७२ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून अर्धशतक उलटले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा अधिक विकलता असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत योग्य साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. आमच्या मते मापाची खुर्ची हे त्यांतील पहिले साधन होय. महापालिकेने प्रवेशाबरोबरच प्रत्येक अशा मुलाची माप घेऊन तपासणी करावी आणि मूल वाढेल तशी खुर्ची बदलून द्यावी. शाळांनी उतरणीचा रस्ता बांधून कर्तव्य संपले असे मानू नये. तो दारापर्यंत नेतो, वर्गात बसवीत नाही.

खर्चाचा मुद्दा निघेलच. त्यावर आमचे उत्तर एवढेच, की वेळेवर न दिलेल्या खुर्चीची किंमत ते मूल पुढे आपल्या हाडांनी चुकवीत असते, आणि त्या हिशेबाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.