हा ‘टक्’ कुठला?

“तू कंप्युटरमधला ना? मग तूच लाव!” घरात एक आयटीवाला असला की टीव्हीच्या रिमोटपासून आजीच्या सहस्रचंद्रदर्शनापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. मीही मोठ्या रुबाबात ‘हो’ म्हटलं आणि कोकणकन्येने पहाटे रत्नागिरीला उतरलो. खिशात पेनड्राइव्ह. त्यात काकांच्या लग्नाची व्हिडिओ आणि एका जुन्या कॅसेटवरून उतरवलेला आजोबांचा आवाज. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा आवाज म्हणून घरात तेवढाच शिल्लक.

कार्यक्रम संध्याकाळी होता. मांडवीच्या घरी चुलतभावाच्या जुन्या कंप्युटरवर फाइल लावली आणि पाच मिनिटांत घाम फुटला. आवाजात मधेच ‘टक्’, चित्र अडखळतंय, आणि लग्नात हात आधी हलतायत, टाळ्या नंतर वाजतायत. झाली का पंचाईत!

अशा वेळी पहिला फंडा एकदम सोपा. तोच तुकडा दोनदा ऐका. ‘टक्’ दर वेळी जागा बदलत असेल तर दोष मशीनचा. कंप्युटर आवाज छोट्या छोट्या हप्त्यांत पुढे पाठवतो. दुसऱ्या कामात गुंतून एक हप्ता चुकला, की तिथे खड्डा पडतो. मी उघडे प्रोग्रॅम बंद केले, बरेच ‘टक्’ गेले. खरखर मात्र राहिली. स्पीकरची पिन जरा फिरवली तर तीही बदलली. म्हणजे दोष पिनेचा. समुद्राची खारी, दमट हवा धातूला सोडते थोडीच! पिन पुसली, काम झालं.

आता चित्र. व्हीएलसी प्लेअरमध्ये मीडियाच्या माहितीत ‘स्टॅटिस्टिक्स’चं पान असतं. तिथे गळालेल्या फ्रेम्सचा आकडा दिसतो. तो वाढत असेल तर मशीनला झेपत नाहीये. मी फाइल पेनड्राइव्हवरून हार्ड डिस्कवर घेतली आणि आकडा वाढायचा थांबला.

राहिल्या टाळ्या. ‘सावधान’नंतर सगळा मांडव एकदम टाळ्या वाजवतो, त्यामुळे आवाज आणि चित्राचा मेळ तपासायला लग्नाच्या व्हिडिओइतकी सोयीची गोष्ट नाही. आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी खटकायला लागतं. मागे पडला तर मात्र साधारण 125 पर्यंत लक्षात येत नाही. आमचा स्पीकर ब्लूटूथवर टाकला होता भावाने, आणि ब्लूटूथ आवाज उशिरा पोचवतो. व्हीएलसीत ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज 50-50 मिलिसेकंद मागेपुढे सरकतो. पण मी सरळ वायर लावली.

सगळं सही! फक्त आजोबांच्या आवाजात एक ‘टक्’ उरला. तीन मिनिटं बारा सेकंदांवर. दहा वेळा ऐकला, दहाही वेळा तिथेच. नियमाप्रमाणे दोष मशीनचा नाही, रेकॉर्डिंगचाच. कॅसेटला बुरशी लागली असणार. मी तेवढा तुकडा सिलेक्ट केला, पुसायला बोट कळीवर ठेवलं, तेवढ्यात मागून आजीचा आवाज.

“काय करतोस रे मेल्या?”

“आजी, हा खराब आवाज काढून टाकतोय.”

“खराब कसला? अडकित्ता आहे तो! बोलता बोलता सुपारी कातरायची सवय होती ह्यांना.”

पुन्हा लावलं. आणि आता मलाही स्वच्छ ऐकू आलं. टक्... आणि पाठोपाठ आजोबांचं पुढचं वाक्य, तोंडात सुपारी टाकल्यासारखं जरा जाड. बारा तास मी ते ऐकत होतो आणि ओळखलं नव्हतं.

तेव्हा मंडळी, ‘टक्’ कुठे आहे हे कंप्युटर सांगेल. कुणाचा आहे, ते घरच्यांना विचारा. आणि मूळ फाइलची एक कॉपी ठेवल्याशिवाय काही पुसू नका!

संध्याकाळी तीन मिनिटं बारा सेकंदांवर सगळे गप्प बसून ऐकत होते. हसली ती एकटी आजी.