सार्वजनिक उद्यान आणि भाडेपट्टा

शहरांतील एखादी मोकळी जागा खाजगी संस्थेस द्यावी असा विचार निघाला म्हणजे त्याच्या समर्थनार्थ पहिला युक्तिवाद बहुधा असा केला जातो कीं, ती जागा नुसती पडून आहे. परंतु उद्यान किंवा मैदान हें मुळीं मोकळें राहावें म्हणूनच राखलेलें असतें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास अंगण नसतें. मुलांना धांवावयास आणि वृद्धांना सायंकाळीं घटकाभर टेकावयास जें अंगण लागतें, तें शहरानें सर्वांच्या वतीनें एकत्र राखून ठेविलेलें असतें. त्या जागेवर कांहीं बांधलेलें नसणें हाच तिचा उपयोग होय.

दुसरी बाजू अगदींच पोकळ आहे असें मात्र नाहीं. बागेला माळी, पाणी, पहारा आणि पैसा लागतो. नगरसंस्थेजवळ तो पुरेसा नसला म्हणजे हिरवळ करपते, कुंपण मोडतें आणि कोपऱ्यांत कचरा सांचतो. अशा वेळीं एखादें रुग्णालय, विद्यालय किंवा क्रीडासंस्था पुढें येऊन भाडें देण्याची व जागेची निगा राखण्याची तयारी दाखविते. रुग्णालय नको असें कोण म्हणेल? हा वाद बरें आणि वाईट यांच्यांतील नसून पुष्कळदां दोन चांगल्या गोष्टींमधील असतो, आणि म्हणूनच त्याचा निवाडा कठीण होऊन बसतो.

असा निवाडा एकदां सर्वोच्च न्यायालयास करावा लागला. बंगलोर येथील राजमहाल विलास या वसाहतीच्या मंजूर योजनेंत एक जागा सार्वजनिक उद्यानासाठीं राखून ठेविलेली होती. १९७६ सालीं राज्य सरकारनें, मुख्यमंत्र्यांच्या सूचनेवरून, ती जागा रुग्णालय बांधण्याकरितां बंगलोर मेडिकल ट्रस्ट या खाजगी संस्थेस द्यावी असा आदेश काढला, आणि विकास प्राधिकरणानें त्याप्रमाणें ती दिली. तेव्हां त्या भागांतील रहिवासी न्यायालयांत गेले. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं त्यांचा अर्ज फेटाळला. खंडपीठानें तो मान्य केला. आणि १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थॉमेन व न्यायमूर्ती सहाय यांनीं संस्थेचें अपील फेटाळून खंडपीठाचा निर्णय कायम केला.

या निकालांतील तीन गोष्टी प्रत्येक नागरिकानें ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, उद्यान नाहींसें झाल्यानें ज्यांचें नुकसान होतें त्या रहिवाशांस दाद मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. जमिनीची मालकी त्यांची नाहीं एवढ्यावरून त्यांना परत पाठवितां येत नाहीं. दुसरी ही कीं, कायद्यानें मंजूर झालेल्या योजनेंतील राखीव जागेचा हेतु केवळ सरकारी हुकमानें बदलतां येत नाहीं, मग हुकूम देणारा कितीही मोठ्या पदावर असो. तिसरी गोष्ट सर्वांत मार्मिक आहे. रुग्णालय लोकोपयोगी असलें तरी खाजगी रुग्णालय हें उद्यानाचा मोबदला होऊं शकत नाहीं. उद्यानाच्या फाटकांतून कोणीही आंत जाऊं शकतो, परंतु रुग्णालयांत जाणाऱ्यास आजार व पैसा हे दोन्ही असावे लागतात. पूर्वीं उपवनें ही अमीर-उमरावांची चैन होती. सर्वांसाठीं बाग ही कल्पना समतेच्या कल्पनेबरोबर वाढली, याचीही आठवण न्यायालयानें या निमित्तानें करून दिली.

पुढें १९९९ सालीं लखनौच्या अमीनाबाद भागांतील झंडेवाला उद्यानाचें प्रकरण न्यायालयापुढें आलें. या उद्यानाखालीं भूमिगत बाजार बांधण्याचें काम तेथील महापालिकेनें निविदा न मागवितां एका खाजगी कंपनीस दिलें होतें. बाजार खालीं झाला तरी वर बाग राहीलच, असा बचाव होता. परंतु छतावर मातीचा थर पसरून हिरवळ उगवितां आली तरी मोठे वृक्ष कसे वाढणार? न्यायालयानें तें बांधकाम काढून उद्यान पूर्ववत् करण्याचा आदेश दिला. त्यामागील तत्त्व असें कीं, सार्वजनिक उद्यानांच्या बाबतींत नगरसंस्था ही स्वच्छंद मालक नसून विश्वस्त आहे. अज्ञान बालकाची ठेव विश्वस्तास जशी मनाप्रमाणें उधळतां येत नाहीं, तसेंच हें आहे.

आतां भाडेपट्ट्याचा विचार. भाडेपट्टा म्हणजे विक्री नव्हे. मालकी शहराकडेच राहते, ताबा मात्र मुदत संपेपर्यंत भाडेकरूकडे जातो. म्हणून सारें महत्त्व मुदतीला आहे. मुंबईचें महालक्ष्मी येथील घोडदौडीचें मैदान सुमारें २११ एकरांचें असून त्याचा मोठा भाग राज्य सरकारच्या व उरलेला महापालिकेच्या मालकीचा आहे. १९१४ साली तें रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे ९९ वर्षांच्या पट्ट्यानें गेलें. ही मुदत २०१३ मध्यें संपली. पट्टा करणारी पिढी त्यापूर्वींच काळाआड झाली होती, आणि मैदानाचें पुढें काय करावें हा वाद आणखी दहा-अकरा वर्षें चालला. २०२४ सालीं असें ठरलें कीं, १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठीं महापालिकेकडे यावी व ९१ एकर जागा २०५३ पर्यंत क्लबकडे राहावी. श्रीमंतांच्या शर्यतींसाठीं अडकलेली जमीन लोकांस मिळाली, असें कांहींना वाटलें. इतरांनीं मात्र असें विचारलें कीं, ज्या मैदानावर सकाळीं-सायंकाळीं शेंकडों लोक फिरावयास येतच होते, तेथें उद्यानाच्या नांवाखालीं वाहनतळ आणि इमारती तर येणार नाहींत ना? दोन्ही पक्ष मोकळ्या जागेचेच नांव घेत होते, हें या वादाचें वैशिष्ट्य होय.

यावरून कोणताही पट्टा वाचतांना कोणते प्रश्न विचारावे हें उघड होतें. आंत कोणास जातां येईल, आणि कोणत्या वेळीं? मुदत किती, आणि ती संपण्यापूर्वीं अटी मोडल्यास जागा परत घेतां येते काय? बांधकाम किती व कोठें? भाडें कोणत्या हिशेबानें ठरलें, आणि दुसऱ्या कोणास मागणी करण्याची संधि मिळाली काय? सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हा मसुदा सही होण्यापूर्वीं लोकांपुढें ठेवला काय? २०१६ सालीं मुंबई महापालिकेनें मैदानें व उद्यानें संस्थांस दत्तक देण्याचें धोरण मंजूर केलें, तेव्हां याच प्रश्नांवरून गदारोळ उठला आणि मुख्यमंत्र्यांस त्या धोरणास स्थगिति द्यावी लागली.

रुग्णालयास दुसरी जागा शोधतां येते. विद्यालयास मजले चढवितां येतात. परंतु भरवस्तींत एकदां गेलेलें मैदान कोणत्याही किंमतीस पुन्हां विकत मिळत नाहीं. ज्या मुलांना उद्यां तेथें खेळावयाचें आहे, त्यांना आज सभेंत मत नाहीं. त्यांच्या वतीनें कोणी तरी फाटकाशीं उभें राहावें लागतें, आणि तें काम शेवटीं शेजारपाजारच्या घरांतील माणसांनींच करावयाचें असतें.