उंचीवरील बांधकाम आणि पतनाचे निवारण : नरडाणा परिसराच्या संदर्भात

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर व मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र तेथे आहे. अशा क्षेत्रांतील बांधकामाचे एक ठरावीक स्वरूप असते : पोलादी खांब, त्यांवर छताच्या कैच्या, कैच्यांवर पर्लिन म्हटले जाणारे आडवे दांडे आणि सर्वांवर पत्रे. पंधरा मजली इमारतीपुढे ही उंची क्षुल्लक भासते. परंतु 6 मीटरवरून पडणारा मनुष्य सुमारे 1.1 सेकंदात भूमीवर आदळतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी 39 किलोमीटरच्या आसपास असतो. तोल सावरण्यास वा आधार शोधण्यास एवढा अवधी पुरत नाही. म्हणून पतनाचा विचार ते घडू लागण्यापूर्वीच करावा लागतो.

पतनाची स्थाने मोजकीच असतात : छताची अथवा स्लॅबची उघडी कड, जिना किंवा नळांसाठी ठेवलेली पोकळी, अपुऱ्या फळ्यांची परांची, न बांधलेली शिडी आणि ठिसूळ पत्रा. यांपैकी शेवटचे सर्वांत फसवे होय. सिमेंटचा जुना पत्रा किंवा उजेडासाठी बसविलेला पारदर्शक पत्रा वरून भरीव दिसतो. धूळ बसल्यावर तर तो इतर पत्र्यांहून निराळा ओळखूही येत नाही. तो पावसाचा भार सोसतो, मनुष्याच्या पावलाचा सोसेलच असे नाही. कड डोळ्यांना दिसते व मनुष्य तिच्यापासून जपून राहतो. ठिसूळ पत्र्यावर मात्र तो निःशंकपणे पाय ठेवतो.

सुरक्षेचा प्रश्न निघताच बहुधा शिरस्त्राण व सुरक्षा पट्टा यांकडे बोट दाखविले जाते. शिरस्त्राण वरून पडणाऱ्या वस्तूपासून डोक्याचे रक्षण करते; पतन थांबविणे हे त्याचे कार्य नव्हे. पट्ट्याचे कार्य समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. 2 मीटर मुक्तपणे पडलेल्या मनुष्यास ताठ दोराने 5 सेंटीमीटरमध्ये रोखले, तर त्याच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सरासरी 41 पट ओढ येते. तेच पतन 1 मीटर अंतरात हळूहळू रोखले तर ती 3 पटींवर येते. याकरिताच दोरात ऊर्जाशोषक जोडतात, आणि कमरेभोवतीच्या साध्या पट्ट्याऐवजी खांदे व मांड्या यांवर भार वाटणारा पूर्ण पट्टा वापरतात.

परंतु शोषक उलगडण्यास जागा लागते. 2 मीटरचा दोर, शोषकाचे 1.75 मीटरपर्यंतचे उलगडणे, पाठीवरील कडीपासून पावलांपर्यंतचे 1.5 मीटर आणि 1 मीटर राखीव अंतर मिळून बंधनबिंदूखाली 6.25 मीटर मोकळी जागा हवी. 6 मीटर उंचीच्या शेडवर पायाजवळच्या पर्लिनला दोर बांधला, तर हे अंतर उरतच नाही. पट्टा घातलेला असतो, नियम पाळल्याचे समाधान लाभते, आणि दोर पूर्ण कामी येण्याआधीच भूमी येऊ शकते. दोर डोक्याच्या वर बांधला तर मुक्त पतनच अल्प होते. शिवाय लोंबकळत राहिलेल्या मनुष्यास अल्पावधीत खाली उतरविले नाही, तर पट्ट्यातील निश्चल अवस्थाच प्राणघातक ठरू शकते. सुटकेची व्यवस्था आधीच ठरलेली नसेल, तर पट्ट्याची व्यवस्था अपुरी समजावी.

यावरून उपायांचा क्रम आपोआप ठरतो. उंचीवर करावयाचे काम जमिनीवर करता येईल काय, हा पहिला प्रश्न. कैचीचे भाग खाली जोडून क्रेनने उचलले, तर वरचे काम पुष्कळ घटते. त्यानंतर सामुदायिक संरक्षण : सुमारे 1 मीटर उंचीचा कठडा, त्याच्या मध्यावर आडवा दांडा, अवजारे घरंगळू नयेत म्हणून पायपट्टी, पोकळ्यांवर घट्ट बसविलेली झाकणे, पर्लिनखाली ताणलेली जाळी. शिडी चार भाग उंचीस एक भाग अंतर या प्रमाणात टेकवावी, तिचे टोक बांधावे व ते वरच्या पातळीच्या 1 मीटर पुढे जावे. ठिसूळ पत्र्यांवर, दोन वा अधिक पर्लिनांवर भार टाकणाऱ्या फळ्यांवरूनच चालावे. पट्टा या सर्वांनंतर येतो. कठडा सर्वांचे रक्षण करतो व त्यासाठी कोणास काही आठवावे लागत नाही. पट्टा मात्र प्रत्येकाने प्रत्येक वेळी अडकवावा लागतो.

खानदेशच्या हवामानाचाही येथे संबंध येतो. वैशाखात पारा 44 अंशांच्या घरात जातो व पत्रा त्याहून कितीतरी तापतो. घेरी येणे ही त्या स्थितीत पतनाची पहिली पायरी होय. यास्तव छतावरील काम पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत उरकावे. वळवाच्या वाऱ्यात हातातील सुटा पत्रा शिडासारखा फुगून माणसास कडेकडे ओढतो. वारा उठताच काम थांबविण्याचा अधिकार मुकादमास असावा.

कायद्याने या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. 1996 च्या बांधकाम कामगार अधिनियमाखाली केंद्राने 1998 मध्ये व महाराष्ट्राने 2007 मध्ये नियम केले. परांची व शिड्या यांविषयी भारतीय मानक 3696 आहे. तथापि तो अधिनियम 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही बांधकामापुरती तीच संख्या कायम आहे. गळका पत्रा बदलण्यास बोलाविलेले तीन-चार रोजंदार या गणनेत सहसा बसत नाहीत. आणि ठिसूळ पत्र्यावर पाय पडतो तो बहुधा त्यांचाच.

त्यांचे रक्षण कोणी करावयाचे, याचे उत्तर आराखड्याच्या मेजावर सापडते. पारदर्शक पत्र्याखाली तारेची जाळी, छतावर जाण्यास कायम शिडी, कडेस पुरेसा उंच कठडा, माथ्यावर दोर अडकविण्याची पक्की सोय : या गोष्टी आराखड्यात असतील, तर वीस वर्षांनंतर दुरुस्तीस येणाऱ्या अनोळखी मजुरासही त्या उपयोगी पडतील. त्या नसतील, तर ठेकेदाराच्या सूचना व मजुराची सावधगिरी एवढाच आधार उरतो. अभियंता पत्र्याची जाडी व कैचीचा भार ठरवितो, त्याच वेळी त्या छतावर चालणाऱ्या मनुष्याची वाटही त्यानेच आखली पाहिजे.